पाचव्या गिअरची जागा

डोळे मिटले आहेत, पण झोप अजून लागलेली नाही. मिटलेल्या पापण्यांच्या आत दुपारचे ऊन तांबूस होऊन पसरले आहे. दस्तगीरभाईंच्या गॅरेजच्या मागच्या अंगणात, कडुलिंबाखाली, आमची जुनी मारुती उभी आहे आणि मी तिच्या डाव्या सीटवर बसलो आहे. गाडीला इंजिन नाही. पुढचे झाकण उघडे आहे, आतली जागा मोकळी आहे, आणि वारा त्या मोकळ्या जागेतून वाट काढत माझ्या पावलांपर्यंत येतो आहे.

दस्तगीरभाई जेवायला घरी गेले आहेत. जाताना त्यांनी खिडकीच्या काचेवर टकटक केले.

"बसा निवांत, मुकुलराव. पण मी यायच्या आत ठरवा. ऑटोमॅटिक की साधा? दोन्ही गिअरबॉक्स आत पडलेत. आपल्याला नको तो संध्याकाळी सांगलीचा माणूस घेऊन जाणार. मग माझ्यावर रुसायचं नाही."

बाकी सारे ठरले आहे. गाडी आहे तीच, तिचा पत्रा घासून पुन्हा त्याच फिकट निळ्या रंगात रंगवला आहे. आत नव्या गाडीचे मोठे इंजिन बसणार आहे, त्याच्या परवानगीचा कागदही आला आहे. उरला आहे तो एवढाच प्रश्न, आणि तो गेले तीन आठवडे माझ्याबरोबर जेवतो, झोपतो, आंघोळीला येतो. आज सकाळी पोळ्या लाटता लाटता आई म्हणाली, "ऑटोमॅटिकच घे बाबा. एका पायाचं काम. नाहीतर अण्णांच्या फोटोशेजारी ही गाडीपण भिंतीला टांगावी लागेल."

ती गमतीने म्हणाली. पण तिचे म्हणणे खरे आहे, कारण मला गाडी चालवता येत नाही. म्हणजे, अर्धीच येते.

अण्णा, माझे वडील, शाळांना प्रयोगशाळेचे सामान पुरवीत. परीक्षानळ्या, चंचुपात्रे, लांब मानेचे चंबू, थर्मामीटर. कराडहून पाटणच्या खोऱ्यात आणि पुढे घाट उतरून चिपळूणपर्यंतच्या शाळा त्यांच्या होत्या. मी नववीत असताना मोटारसायकलवरून पडून त्यांच्या डाव्या मनगटाची शीर तुटली. हात जोडला गेला, पण पकड परत आली नाही. स्टिअरिंग त्यांना एका उजव्या हाताने सांभाळता येई. गिअर बदलता येईना. मग सुटीच्या दिवशी मी त्यांच्या डावीकडे बसू लागलो. क्लच ते दाबत आणि गिअर मी टाकत असे. एक गाडी आम्ही दोघे मिळून चालवत असू. नजर खाली वळवायची मला मनाई होती. "रस्ता बघ, हाताला बघू दे," असे ते म्हणत, आणि म्हणून त्यांनी तांबटाकडून गिअरच्या मुठीसाठी एक पितळी टोपी घडवून घेतली होती. तिच्यावर चारही आकडे आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा बोटांना लागतील अशा उठावदार होत्या.

मागे खोक्यांमध्ये काच असे. गिअर बेताने पडला नाही तर गाडीला हिसका बसे, आणि सगळी काच एकदम किणकिणे. मी बोलका मुलगा नव्हतो आणि अण्णांनाही फार बोलायची सवय नव्हती. बरोबर पडलेल्या गिअरला आमच्या गाडीत शाबासकी मिळत नसे. मागची काच गप्प राही, इतकेच. ती शांतता मला जितकी आवडत असे, तितके पुढे फारसे काही आवडले नाही.

अण्णांना जाऊन दोन पावसाळे झाले. मधल्या काळात मी ड्रायव्हिंगच्या क्लासला जाऊन पाहिले. उजव्या सीटवर बसलो, क्लच दाबला आणि गिअर टाकायला उजवा हात उचलला. तो सरळ दारावर आपटला. शिकवणारा खळखळून हसला. दुसऱ्या दिवशीही तेच घडले, आणि तिसऱ्या दिवशी मी गेलो नाही. माझ्या उजव्या हाताला गिअर पाठ आहेत. डाव्या हाताला काहीच ठाऊक नाही, आणि माझ्या पायांनी तर गाडीत कधी कामच केलेले नाही.

ऑटोमॅटिक घेतली तर पुढच्या रविवारी मी आईला चिपळूणला तिच्या माहेरी नेऊ शकेन. पण मग ती मूठ राहणार नाही, तो दांडा राहणार नाही, आणि डाव्या सीटवर बसणाऱ्याला गाडीत काही काम उरणार नाही.

दस्तगीरभाईंनी ती मूठ फिरवून काढून माझ्या स्वाधीन केली आहे. ती माझ्या उजव्या हातात आहे. इतर गाड्यांच्या मुठी ज्या बाजूने झिजतात, तिच्या उलट बाजूने ती झिजली आहे. अंगठा आपणहून त्या झिजेत जाऊन बसतो. कडुलिंबाची सावली काचेवरून सरकते आहे. कुठेतरी कुणी लोखंडावर घण मारतो आहे, ठण्, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा ठण्, आणि दोन ठोक्यांमधले अंतर वाढत जाते आहे, इतके वाढते आहे की पुढचा ठोका येतच नाही.

"क्लच दाबलाय केव्हाचा. टाक की."

मी पहिला टाकतो.

गाडी निघते. इंजिन नाही हे मला माहीत आहे, पण तसे सांगणे बरे दिसणार नाही म्हणून मी गप्प बसतो. उजवीकडे अण्णा आहेत. अंगात तोच बिनबाह्यांचा तपकिरी स्वेटर, कोपराशी उसवलेला शर्ट. डावा हात त्यांनी स्टिअरिंगवर नुसता ठेवला आहे, कुणीतरी दुसऱ्याने तिथे विसरून गेलेल्या वस्तूसारखा. ते माझ्याकडे पाहत नाहीत. त्यांची नजर रस्त्यावर आहे, आणि रस्ता गॅरेजच्या अंगणातूनच सुरू होतो, दोन्ही बाजूंना ऊस घेऊन.

"वाळलायस," ते म्हणतात.

"तुम्हीही."

"माझं सोड. मला आता काय, वजन करायला कोण येतंय?"

दुसरा. तिसरा. ते क्लच दाबतात आणि माझा हात जातो. बोलावे लागत नाही. मागे काच गप्प आहे. ऊस संपतो आणि आम्ही एका शाळेच्या प्रयोगशाळेतून चाललो आहोत, दगडी टेबलांच्या मधून. निळ्या गणवेशातल्या मुली हातातली चंचुपात्रे छातीशी धरून आम्हांला वाट करून देतात. खिडकीतून हात काढून अण्णा एका मुलीच्या हातातले पात्र उजेडात धरतात, त्याचा काठ पाहतात आणि परत देतात.

"चांगलंय. तडा नाही," ते तिला सांगतात. मग मला विचारतात, "आई कशी आहे?"

"बरी आहे. गुडघे दुखतात. माहेरी जायचं म्हणते."

"मग ने की."

"कसा नेऊ? मला कुठे येते चालवायला?"

"अरे, एवढी वर्षं काय केलंस मग माझ्या शेजारी बसून?"

हा टोमणा आहे की प्रश्न आहे, ते कळत नाही. त्यांच्या मिशीखाली हसू आहे खरे. मी चौथा टाकतो आणि आम्ही आमच्या स्वयंपाकघरात येतो. गाडी कशीबशी मावते. ओट्याशी उभी असलेली आई मागे वळूनही पाहत नाही. पोळपाट जरा उचलून ती बंपरला जागा करून देते.

"जरा बेताने काढा हो," ती म्हणते. "दूध तापायला ठेवलंय."

"काढतो, काढतो," अण्णा म्हणतात. किती सहज म्हणतात. दोन वर्षांत या घरात तसे कुणी म्हटलेले नाही. आईला सांगावेसे वाटते, की वळून बघ, आत्ता लगेच वळून बघ. पण तिच्या पाठीवरून कळते की तिला माहीत आहे, आणि वळले तर दूध उतू जाईल एवढीच तिला काळजी आहे. तापत्या दुधाचा वास गाडीत भरून राहतो आणि भिंत ओलांडतानाही राहतो.

भिंतीपलीकडे कोयनेचे पाणी आहे, रस्त्याच्या कडेने चालणारे. ते हिरवे आहे आणि त्यात ढग नाहीत, तरी ढगांच्या सावल्या आहेत.

"अण्णा, एक विचारायचंय."

"विचार."

"गाडीला नवं इंजिन बसवतोय. गिअरबॉक्स ऑटोमॅटिक घेऊ का साधा?"

ते मान जराशी कलती करतात. दुकानात काचेच्या मालाची पेटी उघडण्यापूर्वी ते असेच थांबत, कान लावून, आत काही फुटले असले तर आधी ऐकू यावे म्हणून.

"ऑटोमॅटिक म्हणजे क्लच नाही?"

"नाही."

"आणि गिअर?"

"गाडीच बदलते."

"आपल्याला न विचारता?"

"न विचारता."

"बरंय की," ते म्हणतात. "घाटात पाय भरून यायचा माझा. तुझा तरी वाचेल."

मला हे उत्तर नको होते. त्यांनी नको म्हणावे, रागवावे, ही माझी गाडी आहे असे म्हणावे, अशी वाट पाहत मी इथवर आलो आहे, हे मला आत्ता कळते. मी मुठीवरची बोटे घट्ट करतो.

"मग हे जाईल," मी म्हणतो.

"काय जाईल?"

"हेच. तुम्ही दाबायचं, मी टाकायचं."

"ते गेलंच आहे, मुकुल."

ते अगदी हळू म्हणतात. पाणी थोडा वेळ आमच्याबरोबर चालते.

"तू मला सांग," ते पुढे म्हणतात, "गाडी चालवायला करतोयस का मला शोधायला? शोधायला असेल, तर कुठलाही गिअर टाक, मी काही सापडायचा नाही. आणि चालवायची असेल तर मला काय विचारतोस? चालवणाऱ्याने ठरवायचं."

"पण तुम्ही कुठली घेतली असती?"

आता ते हसतात. दात दिसतात, पुढचा एक जरा आत असलेला. मी तो विसरलो होतो. दोन वर्षे मी फोटोतल्या मिटल्या ओठांकडे पाहत होतो.

"दस्तगीरनं सांगितलं होतं तेव्हाच," ते म्हणतात. "हात असा झाल्यावर. म्हणाला, अण्णा, मुंबईहून एक ऑटोमॅटिक गाडी आणून देतो, पोराला कशाला दर सुटीला जुंपता? गाडी बघूनही आलो मी. छान होती. एका हातानं चालवली."

"मग?"

"मग काय. नको म्हटलं."

"का?"

ते खिडकीबाहेर पाहतात. बाहेर आता पाणी नाही, घाट आहे. करवंदीच्या जाळ्या, ओला कातळ, आणि खाली कोकण धुक्यात बुडालेले.

"काचेला सवय झाली होती तुझी," अण्णा म्हणतात.

मी मान फिरवतो, कारण माझे डोळे त्यांनी पाहू नयेत. फिरवतो ती डावीकडे, खिडकीकडे. पण डावीकडे खिडकी नाही. डावीकडे अण्णा बसले आहेत. स्टिअरिंग माझ्यासमोर आहे. माझ्या पायांखाली तीन पेडल आहेत आणि रस्ता उताराचा आहे.

"अण्णा!"

"ओरडू नकोस. मी कुठे जातोय? क्लच दाब. डावा पाय."

मी दाबतो. उजवा हात सवयीने उचलला जातो आणि दारावर आपटतो. अण्णा खदाखदा हसतात, त्या क्लासवाल्यापेक्षाही मोठ्याने, आणि त्यांच्या हसण्याची मला लाज वाटत नाही.

"राहू दे. मी टाकतो," ते म्हणतात आणि हात पुढे करतात.

उजवा हात. त्यांचा चांगला हात.

माझे लक्ष रस्त्यावर हवे, पण ते त्या हातावरून हलत नाही. डाव्या सीटवर बसले की त्यांचा चांगला हात गिअरच्या बाजूला येतो. बोटे मुठीभोवती घट्ट मिटतात. त्यांना गिअर टाकता येतो. इतकी वर्षे येत होता.

"आपण जागा बदलायला हव्या होत्या," मी म्हणतो.

"हो ना. तू अठराचा झालास तेव्हाच." त्यांनाही नवल वाटल्यासारखे दिसते. "तू चालवायचं, मी टाकायचं. चाललं असतं की. सुचलंच नाही बघ कुणाला."

"चार वर्षं मिळाली असती."

"मिळाली असती. दुसरा."

मी क्लच दाबतो, ते दुसरा टाकतात, आणि मी पाय इतका धसमुसळा उचलतो की गाडीला हिसका बसतो आणि मागची सगळी काच किणकिणते. पेट्याच्या पेट्या, घाटभर घुमणारा तो आवाज. मी अंग चोरतो. लहानपणी अशा आवाजानंतर अण्णा बराच वेळ काही बोलत नसत.

"फुटू देत," अण्णा म्हणतात. "फुटेल तेवढी फुटू दे. पुन्हा दाब."

मी पुन्हा दाबतो. पुन्हा किणकिण. पुन्हा. वळणामागून वळण येते आणि काच वाजत राहते. हळूहळू माझ्या पायाला काहीतरी कळू लागते. एक जागा, जिथे गाडी पुरती धरतही नाही आणि सुटतही नाही. तिथे पाय थांबवला की खालून एक बारीक थरथर वर येते. अण्णांच्या पायाखाली ती सतत होती, आणि मी शेजारी बसून कधी ती ओळखलीच नव्हती. एका वळणावर आम्ही तिसरा टाकतो आणि मागून काहीच आवाज येत नाही.

आम्ही दोघेही ते ऐकतो.

मग अण्णा मुठीवरचा हात काढतात आणि माझा डावा हात उचलतात. त्यांची बोटे कोमट आहेत. माझा तळवा ते मुठीवर ठेवतात, वरून आपला हात ठेवतात, आणि पितळी टोपीवरच्या रेघांवरून माझी बोटे फिरवतात. पहिला वर. दुसरा खाली. तिसरा, चौथा. हे सगळे मला पाठ आहे आणि यातले काहीच माझ्या या हाताला ठाऊक नाही. ते दाबतात, जोराने, दुखेपर्यंत.

"नव्या गाडीला पाच असतात ना?" ते विचारतात.

"हो. पाच."

"पाचवा कुठे असतो?"

मी आठवू पाहतो. दस्तगीरभाईंनी दाखवला होता. पण बोटांखाली चौथ्याच्या पुढे नुसते गुळगुळीत पितळ आहे.

"मला नाही माहीत, अण्णा."

"मलापण नाही," ते म्हणतात. "तिथवर आपण कधी गेलोच नाही."

त्यांचा हात अजून माझ्या हातावर आहे. घाट संपतो आहे, रस्ता सरळ आणि रुंद होतो आहे, गाडी वेग मागते आहे आणि मला तिला सांगायचे आहे की थांब, इतक्यात नको. मला अण्णांना विचारायचे आहे की दुखत होते का फार, शेवटी. विचारायचे आहे की मी नव्हतो त्या फेऱ्यांना ते काय करत. क्लचवरून पाय काढला की हात जाईल असे वाटते, म्हणून मी पाय काढत नाही. माझा पाय भरून येतो. घाटात त्यांचा यायचा तसाच.

"पाय काढ आता," अण्णा म्हणतात. "क्लच जळेल."

"थोडा वेळ."

"मुकुल. हळू काढ. काच वाजायला नको."

मी हळू काढतो. जितका हळू काढता येईल, तितका. मागे शांतता आहे. दुधाचा वास आहे. आणि कुठेतरी, फार लांब, कुणी लोखंडावर घण मारतो. ठण्.

कडुलिंबाची सावली काचेवरून उतरून माझ्या मांडीवर आली आहे. मी डाव्या सीटवर आहे, होतो तिथेच. शेजारची सीट रिकामी आहे. तिच्यावर दोन पिवळी पाने पडली आहेत. माझा उजवा हात गुडघ्यावर उघडा पडला आहे आणि त्यात काही नाही. डाव्या पायाची पोटरी दुखते आहे. मान अवघडली आहे, गालावर ओल आहे, आणि मागे, डिकीत राहून गेलेल्या एका खोक्यात, परीक्षानळ्यांचा उरलेला एकुलता स्टँड मुळीच आवाज करत नाही.

"झाली का झोप?" दस्तगीरभाई खिडकीशी वाकले आहेत. त्यांच्या हाताला अजून जेवणाचा, हळदीचा वास आहे. "काय ठरलं, मुकुलराव? सांगलीवाला निघालाय म्हणे."

"साधा," मी म्हणतो. माझा आवाज मलाच ओळखू येत नाही. "साधाच बसवा."

"आणि चालवणार कोण? क्लासातून तर पळून आलात."

"तुम्ही शिकवाल?"

ते माझ्याकडे निरखून पाहतात. मग कपाळावरची टोपी मागे सारतात.

"सकाळी लवकर यावं लागेल. आणि हात दारावर आपटला तर मी हसणार, आधीच सांगतो."

"हसा."

"बरं, ती मूठ आणा इकडे. नव्या दांड्यावर बसते का बघू."

मी ती शोधतो. मूठ माझ्या डाव्या हातात आहे. बोटे इतकी घट्ट मिटली आहेत की एकेक करून उघडावी लागतात. मूठ बाहेर येते, दस्तगीरभाई ती घेतात, शर्टाला पुसतात आणि आत निघून जातात.

मी हात उजेडात धरतो. डाव्या तळव्यावर, आजवर ज्याला काहीच ठाऊक नव्हते त्या तळव्यावर, चार आकडे उमटले आहेत. उलटे, लाल, खोल. एक, दोन, तीन, चार, आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. चौथ्याच्या पलीकडे कातडी कोरी आहे. मी अंगठ्याने तिथे हलकेच दाबून पाहतो.